घरचं मत

"छान लिहिलंय," बायको म्हणाली, "पण मी काही तुम्हाला मत देणार नाही."

मास्तर आपल्या प्रचारपत्रकातल्या सात कामांपैकी पाचवं वाचत होते, ते तोंड उघडं ठेवूनच थांबले. नगरपालिकेच्या निवडणुकीला ते आयुष्यात पहिल्यांदा उभे होते. पत्रक छापखान्यातून आदल्या संध्याकाळी आलं होतं, त्याला अजून शाईचा वास येत होता, आणि ते निदान घरात तरी मोठ्यानं वाचावं, कोणीतरी मान डोलवावी, एवढीच त्यांची त्या सकाळची अपेक्षा होती. बायको ओट्याशी उभी होती. तिनं ओठ ओले करण्यापुरतं पाणी घेतलं, ग्लास झाकून ठेवला आणि पर्स खांद्याला अडकवली. "का पण?" मास्तरांनी विचारलं. "सांगितलं तर तुम्ही ते यादीत घालाल," ती म्हणाली, आणि चपला घालून कामावर निघून गेली. चिडली असती तर बरं झालं असतं. चिडण्यावर मास्तरांकडे उपाय होते, इतक्या वर्षांच्या संसारात ते त्यांनी पारखून ठेवले होते. पण ती चिडली नव्हती. दूध नासलंय असं सांगावं, तसं तिनं सांगितलं होतं.

टेबलाखाली मास्तरांचा पाय खाली दाबला गेला. ही त्यांची जुनी खोड. गाडी शिकवण्याची शाळा चालवणाऱ्या माणसाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा स्टिअरिंग घट्ट धरून, आपणच गाडी चालवतोय अशा समजुतीत असतो, आणि समोरून ट्रक आला की शेजारी बसलेला मास्तर गुपचूप पाय दाबतो. वर्षानुवर्षं हेच केल्यावर पायाला स्वतःची अक्कल फुटते. न्हाव्याच्या खुर्चीत, सिनेमा बघताना, झोपेतसुद्धा मास्तर ब्रेक दाबत. शहर लहान, त्यामुळे निम्म्या शहराला गाडी त्यांनीच शिकवलेली. डॉक्टर, वकील, बँकेचे साहेब, सगळे कधी ना कधी घामाघूम होऊन त्यांच्या शेजारी बसले होते, आणि प्रत्येकाला त्यांनी एकच वाक्य ऐकवलं होतं: घाबरू नका, मी आहे. प्रचाराचं सगळं मास्तरांचे साडू बघत होते, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांनी या वाक्याचीच घोषणा करून टाकली. भिंतीभिंतीवर मास्तरांचा फोटो आणि खाली, घाबरू नका, मी आहे. मास्तरांना आधी लाज वाटली, मग सवय झाली, मग ते आवडायला लागलं. आणि आता घरातलंच माणूस म्हणत होतं, तुम्ही असलात तरी मला नको. पत्रकाची घडी घालताना त्यांची बोटं काळी झाली, ती त्यांनी चड्डीला पुसली आणि मग चड्डी बदलावी लागली.

साडू दारात आले ते उत्साहाचं गाठोडं घेऊनच. "मास्तर, आज बाजारपेठ उरकायची. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा. आवाज जपा." मास्तरांनी सकाळचं काही सांगितलं नाही. सांगणार काय? घरचं एक मत फुटलंय म्हणून? साडू हसले असते, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्या शहरात झालं असतं. ते मुकाट्यानं चालू लागले आणि डोक्यात तेच तेच फिरत राहिलं. का देणार नाही? आपण निवडणुकीला उभं राहताना तिला विचारलं नव्हतं म्हणून? पण विचारलं होतं, तिनं "राहा की" म्हटलं होतं. मग साडू घरात सारखे येतात म्हणून? तिच्या बहिणीचाच नवरा, तिला सवय आहे. मागं कधीतरी तिला गाडी शिकवायला घेतलं होतं, दुसऱ्याच वळणावर ती उतरून चालत घरी आली होती, ते मनात धरलं असेल? पण तो किस्सा तर ती स्वतःच रंगवून सांगते. कारण सापडलं की मास्तरांना क्षणभर हलकं वाटे, लगेच ते कारण हातात विरून जाई, आणि पुन्हा तेच. घरोघर जाऊन बोलायचं काम मात्र तोंड बिनचूक करत होतं. रस्ता रुंद करू, बसथांब्याजवळ सिग्नल, गाड्या लावायला जागा, चौकात रंगीत दिव्यांचं कारंजं. इतकी वर्षं त्यांनी हे शहर गाडीच्या काचेतून पाहिलं होतं, आणि कामंही त्यांना काचेतूनच सुचली होती. त्यात वाईट काही नव्हतं. रस्ता अरुंद होताच, सिग्नल नव्हताच.

प्रचाराची एक रीत असते. दार वाजवायचं, नमस्कार करायचा, आणि शेवटी हळूच विचारायचं, घरात मतं किती? घरातला कर्ता माणूस छाती काढून सांगतो, "चार. चारही तुमचीच, मास्तर." साडू मान हलवतात, पुढचं घर. आजपर्यंत मास्तरांनी ही चार मतं चार पेढ्यांसारखी निमूट खिशात टाकली होती. आज पहिल्यांदाच त्यांचं लक्ष कर्त्या माणसाच्या पाठीमागं गेलं. आतल्या दारात एक बाई उभी होती, ओल्या हातांची. तिचं मत तिच्यादेखत दिलं जात होतं आणि ती ना हो म्हणत होती ना नाही. पुढच्या घरी सासू आणि सून. त्याच्या पुढच्या घरी कॉलेजातली मुलगी, जिला मास्तरांनीच गाडी शिकवली होती, आणि जी त्यांच्याकडे बघून नुसती हसली. त्या हसण्यात काय होतं? ही सगळी दारं आतून कशी दिसत असतील, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. "वहिनी, तुमचं काय म्हणणं?" त्यांनी एका घरी एकदम विचारलं. ती बाई गोंधळली, नवऱ्याकडे बघू लागली. नवरा म्हणाला, "तिचं काय म्हणणं असणार? माझंच तिचं." बाहेर आल्यावर साडू म्हणाले, "मास्तर, बायकांना प्रश्न विचारून वेळ कशाला घालवता? उन्हं चढायला लागलीत."

आणि प्रत्येक घरी चहा. उमेदवारानं चहा नाकारला की ते घर गेलंच समजायचं. सकाळपासून इतका चहा पोटात गेला होता की बाजाराच्या तोंडाशी येईपर्यंत मास्तरांना दुसरं काही सुचेना. साडूंनी ते बरोबर ओळखलं. "चला, भिंतीला जाऊन येऊ." बाजारामागं जुन्या गोदामाची एक लांबलचक भिंत होती. शहरातल्या प्रत्येक पुरुषाला ती माहीत होती, आणि तिच्याबद्दल नगरपालिकेत कधी ठराव झाला नव्हता, कारण अडचण कुणालाच नव्हती. तिथं पाच-सहा जण पाठमोरे उभेच होते. त्यातला भाजीवाला मान वळवून म्हणाला, "या मास्तर, जागा आहे. आमची मतं तुम्हालाच." सगळे हसले. मास्तरही हसले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि साऱ्या सकाळचा ताण हलका झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की क्षणभर ते बायकोचं बोलणंही विसरले. "एका कलमाच्या बाईचा प्रचार इथं चालायचा नाही बघा," शेजारून साडू म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. एका कलमाची बाई म्हणजे शिवणकामाचा वर्ग चालवणारी, मास्तरांच्या विरोधात उभी असलेली. तिच्या पत्रकावर सात नाही, एकच काम होतं: बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह. दोन दिवसांपूर्वी घरी बसून साडूंनी त्यावर बऱ्याच कोट्या केल्या होत्या. एवढ्याशा कामासाठी निवडणूक कशाला लढवायची, म्हणाले होते. मास्तर खो खो हसले होते. बायको तेव्हा चहाच्या कपबशा उचलत होती.

भिंतीकडून वळून ते बाजाराच्या मुख्य गल्लीत आले. समोरच औषधाचं दुकान होतं. बायको तिथं काम करायची, दुकान दुसऱ्याचं, पण औषधांची परीक्षा पास झालेली ती एकटीच, त्यामुळे सकाळपासून दुपार उलटेपर्यंत काउंटरवर तीच. चहावाला किटली घेऊन आला होता. दुकानमालकानं कप घेतला, मदतनीसानं घेतला. बायकोनं मान न उचलता, गोळ्यांची पट्टी कापता कापता, डाव्या हाताचा तळवा किंचित पुढं केला. नको. चहावाल्यानं आग्रह केला नाही, त्याला सवय होती. आणि मास्तर भर बाजारात, ऐन रहदारीत, एकदम थांबले. मागून येणाऱ्या हातगाडीवाल्यानं शिवी हासडली. मास्तरांचा पाय रस्त्यात घट्ट रुतला होता, जसा काही समोरून ट्रकच आला.

आमच्याकडे उंट आहे, ते पाहुण्यांना सांगायचे. पाणी लागत नाही, चहा लागत नाही, सकाळी ओठ ओले केले की निघाली. सगळे हसायचे, बायकोसुद्धा हसायची. दुपारी घरी आली की ती आधी मोरीत धावायची, मग चपला पायात असतानाच ओट्याशी उभी राहून तीन-तीन ग्लास पाणी प्यायची, आणि पेपरमागून मास्तर म्हणायचे, उंट आला. उन्हाळ्यात तिला जळजळ व्हायची, ताप भरायचा, औषध ती स्वतःच दुकानातून आणायची, कोणाला न सांगता घ्यायची. "पाणी पीत जा गं जरा," मास्तर म्हणायचे, "औषधं विकणाऱ्या बाईला मी शिकवायचं?" ती एकदाच म्हणाली होती, "बाहेर असते ना मी." हे वाक्य त्यांनी ऐकलं होतं. ऐकलं होतं आणि त्यातलं एक अक्षरही डोक्यात शिरू दिलं नव्हतं. आणि त्या शिकायला येणाऱ्या बायका? ज्या शहराबाहेर गेलं की अस्वस्थ व्हायच्या, "सर, आज लवकर परत फिरू या का?" म्हणायच्या, आणि ज्यांना मास्तर समजुतीच्या सुरात सांगायचे, घाबरू नका, मी आहे! त्या घाबरल्याच नव्हत्या. त्यांना घरी जायचं होतं. मास्तरांना भर उन्हात कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आपल्याच घरातली बाई रोज अर्धा दिवस तहानलेली राहते, आणि आपण तिला कारंज्याचं कलम वाचून दाखवतो, रंगीत दिव्यांसकट. त्यांना तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की वाटलं, आत्ता काउंटरपाशी जावं. पण काउंटरला गिऱ्हाइकं होती, साडू दंडाला धरून ओढत होते. मास्तरांनी ठरवलं, संध्याकाळी घरी गेल्यावर बोलायचं. शांतपणे. पत्रकाचा विषयही काढायचा नाही, यादीत तर अजिबात घालायचं नाही. एवढंच म्हणायचं की मला कळलं. ती मत देईल न देईल, तो तिचा प्रश्न. असं ठरल्यावर त्यांना फार उदात्त वाटलं, आणि उरलेली घरं त्यांनी जवळजवळ आनंदात केली.

शाळेचा हॉल संध्याकाळी भरला होता, पण सभा काही पेटत नव्हती. पंखे आवाज करत होते. मास्तर रुंद रस्त्याबद्दल बोलले, लोकांनी ऐकून घेतलं. सिग्नलबद्दल बोलले, मागच्या रांगेत कोणीतरी जांभई दिली आणि ती जांभई पुढं पुढं सरकत आली. साडू बाजूला उभं राहून हातानं, आवाज चढवा, आवाज चढवा, असं सांगत होते. तेवढ्यात मास्तरांना बायको दिसली. ती सभेला येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं, आजवर एकाही सभेला आली नव्हती. बहिणीशेजारी, बायकांच्या बाजूला, कडेच्या खुर्चीवर बसली होती आणि त्यांच्याकडे बघत होती. सरळ, काही अपेक्षा असावी तशी. मास्तरांना आधार वाटला. "ते सगळं ठीक आहे हो," खालून कोणीतरी ओरडलं, "सातांपैकी पहिलं काय करणार ते सांगा!" मास्तरांनी पत्रकाकडे पाहिलं. पहिलं रुंद रस्ता होतं. त्यांनी तोंड उघडलं. आणि त्यांना ऐकू आलं की आपण म्हणतोय, "आमच्या घरात एक उंट आहे."

हशा पिकला. बऱ्याच जणांना हा विनोद ठाऊक होता. मास्तरांनी हशा ओसरू दिला, आणि मग एकदम आवाज खाली आणला. हे कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप आलं. त्यांनी झाकलेल्या ग्लासाबद्दल सांगितलं. तळवा पुढं करून नाकारलेल्या चहाबद्दल सांगितलं. दुपारी चपला न काढता प्यायलेल्या पाण्याबद्दल सांगितलं. पंख्यांशिवाय कशाचाच आवाज येत नव्हता. बायकांच्या बाजूची एक म्हातारी पुढं सरसावून बसली होती. मास्तरांना वाटलं, इथं थांबावं. पण उतारावर गाडी लागली होती, आणि गाडी चालत असते तेव्हा फार गोड वाटतं. त्यांनी उन्हाळ्यातल्या जळजळीबद्दल सांगितलं. तापाबद्दल, लपवून घेतलेल्या गोळ्यांबद्दल सांगितलं. "माझी बायको तहानलेली राहते," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच फाटला, त्यात ढोंग नव्हतं, "आणि मी तुम्हाला कारंजं देणार होतो! फाडा ते पत्रक. पहिलं काम हे. दुसरं काम हे. सातही कामं हीच." आधी एकटी म्हातारी टाळ्या वाजवू लागली, मग बायकांची अख्खी बाजू, मग सगळा हॉल. कोणी कोणी डोळे पुसत होतं. आणि मग, टाळ्या वाजवता वाजवताच, एकेक डोकं वळू लागलं, उंट कोण ते बघायला. डोकी वळली तेव्हा मास्तरांनाही ती दिसली. ती हसत होती. पाहुण्यांसमोर कपबशा उचलताना हसायची तशी.

तिथून पुढं मास्तरांना सलग काही आठवत नव्हतं. साडूंनी मिठी मारली होती. "पळवलात की बाईचा मुद्दा! आणि वर घरचा पुरावा! जिंकलो आपण, लिहून घ्या." बायकोभोवती बायकांचा घोळका जमला होता, कोणी तिचा हात धरून सांगत होतं, "वहिनी, अगदी आमच्या मनातलं बोलले हो," कोणी कानाशी लागून औषधाचं नाव विचारत होतं. ती सगळ्यांना नीट उत्तरं देत होती, औषधाचं नावही तिनं सांगितलं. घरापर्यंतची वाट दोघं बरोबर चालले. मास्तर दोनदा काहीतरी बोलायला गेले, दोन्ही वेळा समोरून कोणी ना कोणी आलं आणि अभिनंदन करून गेलं. घरात शिरल्यावर तिनं दिवा लावला, पर्स खुंटीला अडकवली आणि खुर्चीवर बसली.

"मला वाटलं, तुला बरं वाटेल," मास्तर म्हणाले.

"वाटलं होतं की बरं," ती म्हणाली. "दुपारी. दुकानासमोर रस्त्यात उभे होतात ना तुम्ही, हातगाडीवाला शिव्या देत होता, तेव्हा. मी काउंटरवरून बघत होते. तुमचं तोंड बघूनच कळलं मला, की यांना कळलं. इतक्या वर्षांनी, न सांगता कळलं. हातातली गोळ्यांची पट्टी चुकीची कापली मी. म्हटलं, आज घरी येऊन बोलतील. तेवढा वेळ दम निघेना, म्हणून ताईबरोबर सभेला आले. येता येता ठरवलं होतं, देऊन टाकावं मत."

"मग?"

"मग काय? तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. मलाच तेवढं सांगायचं राहिलं."

म्हणावं तर चांगलं काम होणार होतं, खरंच होणार होतं, निवडून आलो तर पहिल्या महिन्यात उभं करीन, हे मास्तरांना मनापासून वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण ते बोलायची ही वेळ नाही एवढं त्यांना कळत होतं. ती उठली. रागानं नाही, दमून.

"उद्याची सभा कुठंय?"

"गिरणीमागं. मैदानात."

"मग तिथं काय सांगाल? बघा, माझं अजून काही शिल्लक असेल तर," ती म्हणाली आणि आत गेली.

मास्तर तिथंच उभे राहिले. आत जायला हवं होतं. माझं चुकलं, एवढे दोनच शब्द, ते जिभेवर येऊनही ठेपले होते. त्यांना लाज वाटत होती, अंगभर, खरीखुरी. खुंटीवर तिची पर्स लटकत होती. त्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ती कायम एक मोठी पिन ठेवायची, फुटपाथच्या उखडलेल्या फरश्यांत चपलेचा पट्टा तुटला तर असावी म्हणून. फुटपाथ पत्रकात सहावे होते, शेवटून दुसरे, ते वर घ्यायला हवेत. आमच्या हिच्या पर्समध्ये, मित्रहो, पावडर नाही, आरसा नाही, एक पिन असते. इथं थांबायचं. लोक हसतील. मग आवाज खाली. आत नळ सुटल्याचा आवाज आला, तिनं त्यांना हाक मारल्यासारखंही वाटलं, पण मास्तर हलले नाहीत. वाक्य फार चांगलं जमत होतं.